इंजिनाच्या बाजूचा कान

"ये... ये... ये की रे, घाबरतोस कशाला," असं पुटपुटत ती एकेक पाऊल मागे सरकत होती आणि तिच्या तळहाताला टेकलेला गाडीचा मागचा पत्रा हळूहळू तिच्याबरोबर येत होता. मागे अक्रोडाचं झाड होतं. बुंधा वीतभर अंतरावर आला तशी तिने पत्र्यावर एक थाप मारली. गाडी जागच्या जागी थांबली, आतल्या कपबश्या किणकिणल्या आणि इंजिन बंद झालं.

तळाची राखण करणारी बाई पाण्याची नळी हातात धरून हा सगळा प्रकार बघत होती. डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी हा गाड्यांचा तळ होता. उन्हाळाभर माणसं आपापली चाकांवरची घरं घेऊन तिथे येत, आणि आल्या आल्या निम्म्या नवरा-बायकोंचं गाडी लावण्यावरूनच वाजत असे. नुसत्या एका थापेवर इतक्या गुण्यागोविंदाने लागलेली गाडी राखणदारबाईने पहिल्यांदाच पाहिली.

"ओरडून का नाही सांगत त्यांना? तळहात लाल झालाय तुमचा."

"ओरडून काय उपयोग? ऐकू यायला नको?" ती हात झटकत म्हणाली. "एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एकतीस वर्षं हेच करत आलोय. हे ड्रायव्हर, मी कंडक्टर. अकरा नंबरची बस, स्टेशन ते स्मशान."

"अगं बाई!"

"घाबरू नका, मध्ये बावीस थांबे होते."

ड्रायव्हर खाली उतरला. मागे येऊन त्याने पत्रा आणि बुंधा यांच्यामध्ये हाताचा पंजा धरला आणि समाधानाने मान हलवली.

"मास्तर, बरोब्बर वीतभर."

ती त्याच्या समोर गेली आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाली, "तुम्ही चहा घेणार का?"

डेपोत कंडक्टरला मास्तरच म्हणायची पद्धत होती, मग ती बाई असो की बुवा. लग्नानंतरही त्याच्या तोंडात तेच राहिलं. तिच्या तोंडात 'तुम्ही' राहिलं. पहिली चार वर्षं दोघं नुसते एका बसवरचे सोबती होते, तेव्हा अहो-जाहो करणं भागच होतं. लग्न झालं तेव्हा घरात सासूबाई होत्या. त्या गेल्या तोवर सवय इतकी मुरली होती की भांडतानासुद्धा ती "तुम्हाला काही कळतं का हो?" असंच भांडायची.

पण ही झाली तोंडावरची गोष्ट. त्या जुन्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरला खेटून, घरच्या माणसासारखं शेजारी बसलेलं असायचं आणि दिवसभर बडबडायचं. त्या बडबडीने त्याचा इंजिनाच्या बाजूचा कान पार गेला. दुसरा होता, पण समोर उभं राहून मोठ्याने बोललं तरच त्याचा उपयोग. पाच-सहा वर्षांपूर्वी एकदा नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून तो ओल्या पायांनी गेला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आंधळा आहेस का रे?" ती स्वतःच दचकली. तो मात्र तसाच पुढे गेला. तिने जरा थांबून, चव घेतल्यासारखं पुन्हा म्हणून पाहिलं, "अरे, आंधळा आहेस का?" काही नाही. त्या दिवसापासून तिला ती खोडच लागली. इंजिनाच्या बाजूला बसायचं आणि त्या कानात हवं ते बोलायचं. तक्रारी, टोमणे, शेजाऱ्यांच्या चहाड्या, आणि कधीकधी असलं काही, जे सांगायला तीस वर्षांच्या संसारात तिला तोंड उघडता आलं नव्हतं. तोंडावर 'अहो', त्या कानात 'अरे'. त्या कानात ठेवलेलं कुठे जात नसे.

लेकीने दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांकडे नेऊन, कान तपासून, त्याच्यासाठी छोटंसं यंत्र आणलं होतं. "माझ्या कानात काही कोंबायचं नाही," असं म्हणून त्याने ते दाढीच्या सामानात टाकलं. लेक रुसली, त्याने कानावर हात ठेवले, आणि तो विषय तिथेच संपला.

लेक या गाडीला ऐटीत मोटरहोम म्हणायची. तो नुसतं 'गाडी' म्हणायचा. ती तोंडावर 'गाडी' आणि त्या कानात 'डबा' म्हणायची. डेपोने मोडीत काढलेली ती एक छोटी बस होती. निवृत्तीनंतर तीन वर्षं खपून त्याने तिच्यात घडीचा पलंग, ओटा, कपाट, पाण्याची टाकी असं सगळं स्वतःच्या हातांनी बसवलं होतं. का, ते तिला चांगलं माहीत होतं. अकरा नंबरच्या वाटेवर पोस्ट ऑफिस आणि सूतगिरणी यांच्या मधल्या वळणावर, हवा स्वच्छ असली तर, दोन इमारतींच्या फटीतून लांबचा डोंगर दिसायचा. चार सेकंद. मग गिरणीची भिंत. एकतीस वर्षं त्या वळणावर त्याची मान वळताना तिने मागून पाहिली होती. "मास्तर, एक दिवस तिथे जाऊन राहायचं," असं तो डबा खाताना म्हणायचा आणि ती "राहू की" म्हणायची.

आणि आता ते तिथे राहत होते. सकाळी गाडीचं दार उघडलं की समोर नदी, नदीपलीकडे पाइनची झाडं, आणि त्यांच्या वर डोंगर, माथ्यावर अजून बर्फ राखून असलेला. तो चहाचा कप हातात घेऊन पायरीवर बसे आणि तासभर नुसता बघत राही. चार-चार सेकंदांची सगळी उधारी वसूल केल्यासारखा त्याचा चेहरा दिसे. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी तो बघता बघता म्हणाला होता, "मास्तर, परत कशाला जायचं? घर देऊन टाकू कुणाला तरी राहायला. आपण असंच फिरत राहू. थंडी आली की खाली, उन्हाळा आला की वर."

तिला घरची बाल्कनी आठवली. पण त्याच्या त्या चेहऱ्याकडे बघून तिच्या तोंडून निघालं, "तुम्हाला हवं तसं."

ती एवढं म्हणाली आणि फसली. लेकीच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला घराची निकड होती. दोन मुलं, म्हातारी आई. तिला त्यांचं घर हवं होतं, आणि ते सुद्धा कायमचं, मध्येच खाली करायला न लावता. लेकीने सांगितलं होतं, नीट विचार करा, महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी मी फोन करते, हो की नाही ते सांगा. फोनवर नेहमी तीच बोलायची, त्याला ऐकू येत नसल्यामुळे. म्हणजे 'हो' तिलाच म्हणायचं होतं.

रविवारच्या आदल्या आठवड्यात ते घाटात गेले. वर खिंडीपाशी एक जुनं दगडी धर्मशाळेसारखं घर होतं, तिथून पलीकडची दरी दिसते असं राखणदारबाईने सांगितलं होतं. निघताना त्याने कानांवरून खाली येणारी लोकरीची टोपी घातली. ही टोपी हल्ली आठ-पंधरा दिवस त्याच्या डोक्यावरून उतरतच नव्हती.

"अहो, ऊन आहे चांगलं," ती म्हणाली.

"वर वारं असतं."

"दुपारी जेवतानाही वारं असतं वाटतं," ती गाडीत चढून आपल्या जागी, इंजिनाच्या बाजूला बसत पुटपुटली. "म्हातारचळ लागलाय तुला."

चढ संपून गाडी सपाट रस्त्याला लागली. इंजिनाचा जीव जरा हलका झाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, खाली नदीची दोरी. तो मजेत होता. बोटांनी चाकावर ताल धरत होता. त्या बोटांकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले आणि ती समोरच्या काचेकडे तोंड करून बोलायला लागली.

"मला नाही राहायचं रे या डब्यात. उन्हाळा ठीक आहे, उन्हाळा मजेत गेला. पण जन्मभर? तीन पावलांचं घर हे. रुसायचं म्हटलं तर दुसरी खोली नाही. दार आपटावं, तर कपाटाचं, आणि ते मेलं आधीच कुरकुरतंय. माझी बाल्कनी, ती समोरची शिंपीणबाई, सकाळी दोघींनी उभ्या उभ्या मारलेल्या गप्पा... सगळं दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचं? मी हो म्हणाले, कारण तू त्या वळणावर कसा बघायचास ते मला माहितेय. नाही कुठल्या तोंडाने म्हणू?"

गाडी एका अवघड वळणावर आली. त्याने गिअर बदलला, वळण घेतलं. ती थांबली, आणि मग जे तिने स्वतःशीही कधी नीट कबूल केलं नव्हतं ते बोलून गेली.

"आणि तुला काही झालं तर? असल्या ठिकाणी? मी काय करू? जन्मभर 'चला, चला' करत आले, पण चालवता कुठे येतंय मला? नुसती बसून राहीन तुझ्याशेजारी, कुणी येईपर्यंत. फार भीती वाटते रे मला."

पुढची दोन वळणं त्याने सावकाश घेतली. बोटांचा ताल थांबला होता. रस्ता अवघड होता, म्हणून असेल असं तिला वाटलं. मग नजर रस्त्यावरून न काढता तो म्हणाला,

"मास्तर, पाणी दे जरा."

तिने डोळे पुसले आणि बाटलीचं झाकण काढून दिलं. बोलून टाकल्यावर नेहमी बरं वाटायचं, तसं आजही थोडं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कपाट उघडलं तर दार गप्प. बिजागरीला तेल लागलं होतं. वर्षभर कुरकुरत असलेलं दार याला आजच कसं दिसलं, म्हणून तिने भुवया उंचावल्या. त्याच्या पुढच्या दिवशी ती नदीवरून कपडे धुऊन आली तेव्हा गाडीच्या मधोमध एक दांडी बसवलेली होती आणि तिच्यावर निळ्या चादरीचा पडदा. पलीकडे खिडकी, एक उशी आणि तिची विणकामाची पिशवी.

"हे काय?"

"सकाळचं ऊन डोळ्यावर येतं," तो हातोडी ठेवत म्हणाला. "तू बस पलीकडे, मी बसतो इकडे."

सकाळचं ऊन त्या बाजूने येतच नव्हतं. तरी ती पडद्याआड उशीला टेकून बसली आणि पाचच मिनिटांत, कुणाशी रुसायचं कारण नसल्यामुळे, बाहेर आली.

मग गुडघा निघाला. आपला गुडघा धरलाय, क्लच दाबवत नाही, असं त्याने जाहीर केलं. "मास्तर, तू शीक."

"कोण? मी? या वयात?" ती हसायलाच लागली. "अहो, लोक काय म्हणतील?"

"लोकांना बसवायचंय कुठे आपल्याला?"

नदीकाठच्या मोकळ्या मैदानात त्याने तिला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि आपण मागे, दांडी धरून, कंडक्टरसारखा उभा राहिला. पहिल्यांदा गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्याने छताच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि काय गंमत, ती थाप ऐकल्याबरोबर तिच्या पायांना आपोआप शहाणपण सुचलं. गाडी चालायला लागली. माणूस चालेल त्या वेगाने, पण चालायला लागली. मैदानाला नऊ फेऱ्या झाल्या. वळताना चाक दोन्ही हातांनी ओढून घेत, जीभ दातांत धरून, ती स्वतःशीच म्हणाली, "जमतंय की रे मला!" मागून हसण्याचा आवाज आला. समोर राखणदारबाईचा कुत्रा आपल्याच शेपटीमागे गोल फिरत होता. त्यालाच हसला असेल.

शुक्रवारी साबण घ्यायला ती राखणदारबाईच्या टपरीवजा दुकानात गेली. बाईने साबणाबरोबर एक छोटी चकती तिच्यापुढे ठेवली, शर्टाच्या बटणाएवढी.

"हे पण न्या. तुमचे मालक सारखे हे सेल घेऊन जातात. घड्याळ फार सेल खातं वाटतं तुमचं?"

त्यांचं घड्याळ भिंतीवरचं होतं आणि त्यात बोटाएवढा सेल लागायचा. कसला तरी टॉर्च घेतला असेल नवीन, त्याला असल्या खेळण्यांचा भारी सोस, असं मनात म्हणत तिने ती चकती पिशवीत टाकली आणि विसरून गेली.

शनिवारी सकाळी किटलीचं झाकण उचलताना वाफ तिच्या उजव्या तळहातावर आली. "आई गं," ती म्हणाली, तेही दबक्या आवाजात. तो बाहेर पाठमोरा बसून गाडीच्या नंबरच्या पाट्यांना रंग देत होता. ती हात झटकते आहे तोवर तो गार पाण्याचा मग घेऊन दारात उभा. त्याने तिचा हात पाण्यात धरला, मलम लावलं, पट्टी बांधली. गाठ घट्ट झाली म्हणून सोडली आणि पुन्हा सैल बांधली. इतकी वर्षं एवढी मोठी बस हाकणारे हात एवढ्याशा गाठीपाशी अडखळत होते. तिला त्याची फार माया आली. याला घर सोडायचंय तर सोडू दे, असं तिने त्या क्षणी ठरवून टाकलं. उद्या फोन आला की हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

रविवारी दुपारी लेकीचा फोन झाला की पुलापलीकडच्या तळ्यावर जायचं ठरलं होतं. तो म्हणाला, मी गाडी बाहेर काढून ठेवतो. झाडाखालून निघायला आधी मागे, दगडी कुंपणापर्यंत यावं लागे, आणि मग पुढे. ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तशीच, डाव्या काखेत कपड्यांची टोपली घेऊन, ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. मागची काच कपाटाने कधीच झाकली गेली होती आणि बाजूच्या आरशांत ती दिसत नव्हती. गाडी मागे येऊ लागली.

"ये... ये..." ती पुटपुटली.

कुंपण जवळ आलं तशी ती कडेला सरली. हातभर. दीड वीत. तिने सवयीने उजवा हात उचलला, आणि पट्टी दिसली. हात हवेतच राहिला. काखेत टोपली. कुंपण चार बोटांवर.

"बस्स," ती म्हणाली. शेजारच्या माणसाला सांगावं तेवढ्याच आवाजात.

गाडी थांबली.

ती तशीच उभी राहिली. आत इंजिन घुरघुरत होतं. पुढची खिडकी उघडी होती. खिडकीतून त्याचं कोपर बाहेर आलेलं होतं, आणि त्या कोपरात काहीच फरक पडला नव्हता. एकतीस वर्षं जसं ते थापेवर थांबायचं, तसंच थांबलं होतं. तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला की आपण थाप मारलीच नाही.

मग सगळंच एकदम लक्षात आलं. टोपी. बटणाएवढे सेल. बिजागरीचं तेल. रुसायला दुसरी खोली नाही म्हटलं, तर निळा पडदा. चालवता कुठे येतंय म्हटलं, तर गुडघा. 'आई गं.' तिच्या कानशिलांना धग लागली. घाटातलं सगळं त्याने ऐकलं होतं. आणि नुसतं घाटातलं का? घोरतोस म्हटलेलं. तुझी आई मला फार छळायची म्हटलेलं. गणवेशात काय रुबाबदार दिसायचास, मेल्या, असं एकदा भांडी घासता घासता म्हटलेलं. देवा रे, आणि आपण याला 'तू' म्हणतो, हेही! लबाड माणूस. चोर. चांगलं पुढे जाऊन विचारावं म्हणून तिने टोपली खाली ठेवली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन पुढे, चाकाजवळ होता. ती जाऊन तो घेईल म्हणून तो थांबायचा, नेहमीच. आज वाजणं मध्येच थांबलं.

"हां, बोल," त्याचा आवाज आला. "मीच बोलतोय. आई मागे आहे."

ती पत्र्याला पाठ लावून उभी राहिली. कान तिचे शाबूत होते, आणि ते तिने चांगले टवकारले.

"ओरडू नकोस गं. ऐकू येतंय मला... घातलंय, तू दिलेलंच. झाले पंधरा-वीस दिवस... अगं, समोर नदी, आणि नुसतीच दिसते. कशी वाजते ते ऐकावं म्हटलं एकदा, म्हणून घातलं... हो, छान आहे. कळलं, तुझंच खरं होतं." मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, आईला सांगू नकोस हं... कशाला म्हणजे? कळलं तर ती बोलायची थांबेल."

तिने डोळे मिटून घेतले.

"आणि त्या तुझ्या बाईंना सांग, घर द्यायचं नाही... नाही नाही, आई कशाला नाही म्हणेल? ती बिचारी तयारच आहे. मलाच जमत नाही. तीन पावलांचं घर, रुसायचं म्हटलं तर दुसरी खोली नाही... हसतेस काय? उन्हाळा संपला की येतो परत. गाडी काढून टाकू म्हणतोय कुणाला तरी... असू दे गं. बघितला डोंगर. पोटभर बघितला."

फोन ठेवल्याचा आवाज आला. इंजिन तसंच घुरघुरत राहिलं. तो काही गाडी पुढे घेत नव्हता. दोन थापा पडल्याशिवाय त्याने कधी गाडी हलवली नव्हती, आणि आजही तो वाट बघत होता.

तिने पदराने तोंड पुसलं. चांगलं खसखसून पुसलं. टोपली उचलली, गाडीला वळसा घालून पुढे आली आणि चढून इंजिनाच्या बाजूला आपल्या जागेवर बसली.

"लेकीचा फोन आला होता," तो समोर बघत मोठ्याने म्हणाला. "मला काही धड ऐकू आलं नाही. पण घर देत नाही म्हणून सांगून टाकलं. मलाच आता कंटाळा आलाय."

ती त्याच्या समोर झुकली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्हाला हवं तसं."

गाडी तळाबाहेर पडली. नदीचा पूल ओलांडून सरळ रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली शेतं होती आणि समोर, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोंगर होता. त्याने टोपी कानांवर नीट ओढून घेतली. त्या टोपीकडे तिने एकदा तिरप्या डोळ्यांनी बघितलं आणि मग काचेकडे तोंड करून, रोजच्यासारखं, पुटपुटायला सुरुवात केली.

"गाडी विकलीस तर बघ. तीन वर्षं त्या ओट्याचे खिळे ठोकलेस ते काय दुसऱ्यासाठी? दर उन्हाळ्यात यायचं. थंडी पडायला लागली की घरी. सपाटीवर मी चालवीन, लायसन काढीन चांगलं. घाट तुझा."

चाकावरची त्याची बोटं किंचित हलली. पुढे, लांब, तळ्याकडच्या फाट्याचा पांढरा दगड दिसायला लागला.

"आणि एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि होता तितक्याच हळू आवाजात तिने पुरं केलं. "पोस्टाच्या वळणावर तू चार सेकंद डोंगराकडे बघायचास ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघायचे. रोज. एवढ्यासाठी मी दुसरी कुठली ड्यूटी मागितली नाही रे."

तो सरळ समोर बघत होता. पांढरा दगड जवळ आला, खिडकीतून सरकला आणि मागे गेला. एकतीस वर्षांत एकही थांबा न चुकवलेल्या ड्रायव्हरने फाटा सोडला होता आणि गाडी सरळ डोंगराकडे चालली होती.

"अहो," ती त्याच्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "फाटा मागे राहिला."

"काय?" त्याने विचारलं. मान मात्र तिच्याकडे वळली नाही.

तिने डावा हात खिडकीबाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.